वैरागची परसबाग : आधीं पाणी, मग लावणी

वसंत ऋतूचें नांव निघालें कीं बागकामाचीं पुस्तकें एकच सल्ला देतात : जमीन खणा, वाफे करा आणि बीं पेरा. ज्या देशांतून हा सल्ला आला तेथें तो अगदीं बरोबर आहे. इंग्लंडांत हिवाळाभर माती थंड आणि ओली असते. मार्च-एप्रिलमध्यें ती उबदार होऊं लागते, गारठ्याची भीति ओसरते आणि बागवानाला वर्षाच्या कामाची घाई होते. तेथील शहरांत राहणाऱ्या कुटुंबांना भाजीपाल्यासाठीं जमिनीचे लहान तुकडे खंडानें देण्याची जुनी पद्धत आहे व इ. स. १९०८ च्या कायद्यानें ती अधिक पक्की झाली. असा एक तुकडा परंपरेनें सुमारें अडीच गुंठ्यांचा धरला जातो. दुसऱ्या महायुद्धांत अन्नाची टंचाई झाली तेव्हां अशा तुकड्यांनीं आणि घरामागच्या अंगणांनीं त्या देशाला मोठाच हातभार लावला.

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांतील वैराग येथें हाच सल्ला जसाच्या तसा पाळला, तर बहुधा वैशाखांत बाग करपते. पंचांगांतला वसंत येथेंहि चैत्र-वैशाखांतच येतो. परंतु तो येतो तो उन्हाळ्याच्या भरांत. इंग्रज बागवान गारठ्याला भितो. वैरागच्या बागवानाला भ्यावें लागतें तें उन्हाला, आणि त्याहूनहि अधिक खालीं खालीं जाणाऱ्या विहिरीच्या पाण्याला. म्हणून नवी परसबाग मांडूं पाहणाऱ्या कुटुंबानें ‘जागा किती आहे’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘वैशाखांत रोज पाणी किती उरेल’ हा प्रश्न पहिला.

वैराग हें बार्शीहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावरचें बाजाराचें गांव आहे. भोंवतालीं काळी जमीन, तींत जोंधळा, तूर, हरभरा आणि अलीकडे सोयाबीन. तालुक्यांतून भोगावती नदी वाहते व पुढें सीनेला मिळते. ह्या टापूंत वर्षाकांठीं पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पडतो. तोहि एकसारखा नव्हे. मृगाच्या सुमारास कांहीं सरी येतात, मध्यें कित्येक आठवड्यांची उघडीप पडते, आणि खरा भरवशाचा पाऊस पुष्कळदां भाद्रपदाकडे येतो. त्यानंतर पुढच्या मृगापर्यंतचे दिवस मुख्यतः जमिनींत मुरलेल्या आणि विहिरींत सांठलेल्या पाण्यावर काढावयाचे असतात.

ह्या प्रदेशांत पाण्याच्या प्रश्नाला नुसत्या हिशेबाहून अधिक वजन आहे. इ. स. १९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यांतील वडीलधारीं माणसें अजून विसरलेलीं नाहींत. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातूरला पिण्याचें पाणी आगगाडीनें न्यावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटर पाणी नेलें, आणि ती गाडी गेली ती कुर्डुवाडी-बार्शीच्या लोहमार्गानेंच. अशा मुलुखांत भर उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यावर भेंडी वाढविणें कोणत्याहि घराला शोभणारें नाहीं. परसबाग उभी राहावी ती एकदां वापरून झालेल्या पाण्यावर. जुन्या वाड्यांतून हेंच चालत असे. मोरीचें पाणी परसांत निघे आणि त्या वाटेवर अळू व केळ उभीं असत. ती योजना कोणी कागदावर आंखलेली नव्हती, परंतु तिच्यांत पाण्याचें माप आपोआप सांभाळलें जाई. मोरींतून जितकें पाणी येई तितकीच बाग वाढे.

आतां हें माप आंकड्यांनीं पाहूं गेल्यास तें फारसें अवघड नाहीं. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एप्रिल-मे महिन्यांत ज्या वाफ्यावर भाजीनें पुरतें आच्छादन धरलें आहे, तो वाफा पानांवाटे आणि मातीवाटे मिळून दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर पाणी हवेंत सोडतो. म्हणजे दर चौरस मीटरला रोज सहा ते आठ लिटर पाणी हवें. एक गुंठा म्हणजे सुमारें शंभर चौरस मीटर. त्याला रोज सहाशें ते आठशें लिटर लागतील. इंग्रज कुटुंबाचा अडीच गुंठ्यांचा तुकडा येथें आणून ठेवला, तर त्याला दिवसाला दीड ते दोन हजार लिटर पाणी घालावें लागेल. तेथें तें काम बव्हंशीं पाऊसच करतो.

दुसऱ्या बाजूला घरांतील जमा पाहावी. पांच माणसांच्या घरांत प्रत्येकीं पंधरा लिटरची एक बादली स्नानाला लागते असें धरलें, तर पंचाहत्तर लिटर पाणी मोरींत जातें. भाजी धुतलेलें आणि तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी मिळविलें तर बेरीज ऐशीं-पंचाऐशीं लिटरपर्यंत जाते. दर चौरस मीटरला सरासरी सात-आठ लिटर धरल्यास एवढें पाणी दहा-अकरा चौरस मीटरांना पुरतें. म्हणजे दहा फूट लांब आणि अकरा फूट रुंद एवढाच वाफ्यांचा पट्टा, गुंठ्याचा जेमतेम दहावा भाग. उन्हाळी बागेची पहिली मर्यादा ही. परसांत जागा तीन गुंठे असली तरी ह्या मर्यादेंत फरक पडत नाहीं.

नव्या बागा बहुधा कोठें फसतात हें ह्या हिशेबावरून कळून येतें. फेब्रुवारींत रोपें चार पानांचीं असतात. दोन घागरी पाण्यांत सगळा वाफा भिजतो, विहीर अजून भरलेली दिसते, आणि उत्साहाच्या भरांत आणखी दोन वाफे पेरले जातात. एप्रिल उजाडतो तेव्हां पानांचा पसारा कितीतरी पटींनीं वाढलेला असतो, ऊन चढलेलें असतें, आणि त्याच पंधरवड्यांत विहिरीचें पाणी तळाला जातें किंवा नळाला दिवसांच्या पाळ्या लागतात. भेंडी-काकडीला फळ धरण्याची वेळ नेमकी हीच. मग उरलेलें पाणी सर्व वाफ्यांना थोडथोडें वांटून देण्याचा मोह होतो. त्यानें वरची दोन बोटें माती तेवढी ओली होते, मुळांपर्यंत कांहींच पोंचत नाहीं, आणि एकहि वाफा धड पिकत नाहीं. असा प्रसंग आलाच तर अर्धे वाफे निर्धारानें सोडून द्यावे व उरलेल्या अर्ध्यांना पुरेसें पाणी द्यावें. परंतु आरंभींच माप धरलें असतां हा कटु निर्णय घेण्याची पाळी येत नाहीं.

वापरलेलें पाणी म्हटलें तरी तें सगळें सारखें नसतें. कपडे धुण्याच्या पावडरींत सोड्याचा अंश असतो, आणि सोड्यांतील सोडियम हा काळ्या जमिनीचा शत्रु आहे. ह्या जमिनींतील चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बारीक रवे बनवितात. त्या रव्यांमधल्या फटींतून पाणी मुरतें आणि हवा खेळते. सोडियम सांठत गेला कीं हे रवे विस्कटतात, फटी बुजतात आणि जमीन वाळल्यावर दगडासारखी होते. म्हणून कपड्यांचें पाणी बागेपासून दूर न्यावें. स्नानाचें आणि भाजी धुतल्याचें पाणीच घ्यावें, आणि तेंहि रोज एकाच वाफ्यांत न सोडतां पाळीपाळीनें फिरवावें. मोरीचें पाणी झाडाच्या बुडाशीं ओतावें; पानांवर शिंपडूं नये. जी पालेभाजी कच्ची खावयाची ती ह्या पाण्यावर वाढवूं नये. विंधन विहिरीचें पाणी मचूळ असेल आणि वाफ्यावर पांढरा फुलोरा उठत असेल, तर तेंहि क्षारांचेंच लक्षण समजावें.

पाण्यानंतर मातीचा विचार. वैरागच्या काळ्या जमिनींत चिकणमातीचें प्रमाण पुष्कळदां निम्म्याच्या आसपास असतें. ही माती ओली झाली कीं फुगते, वाळली कीं आकसते, आणि चैत्रांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असें दीडशें ते दोनशें मिलिमीटर पाणी पोटांत धरून ठेवूं शकते. रब्बीचा जोंधळा पाऊस संपल्यावर पेरूनहि पिकतो तो ह्याच सांठ्यावर. जवळच्या मोहोळ येथील शेतीकेंद्रांत निवडलेली मालदांडी ३५-१ ही जोंधळ्याची जात ह्याच गुणाच्या जमिनीसाठीं प्रसिद्धीस आली.

ह्या मातीचें एक पथ्य मात्र कडक आहे. ओल्या काळ्या मातींत कुदळ घातली तर तिचीं चिवट ढेकळें होतात आणि वाळल्यावर तीं हातोड्यानेंहि फुटत नाहींत. अगदीं कोरडींत घातली तर कुदळ उसळून परत येते. दोन्हींमधली जी अवस्था तिला शेतकरी वाफसा म्हणतात. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. मूठभर माती घेऊन गोळा वळावा आणि खांद्याच्या उंचीवरून खालीं टाकावा. गोळा सहज फुटून विखुरला तर वाफसा आला. नुसता चेपला तर माती अजून ओली आहे. मुळीं गोळाच होत नसेल तर ती कोरडी आहे. माघांत नवी जागा खणावयाची तर आधीं एकदां पुरतें पाणी द्यावें, वाफसा येईपर्यंत कांहीं दिवस थांबावें, आणि मग फूटभर खोल खणावें. हे थांबण्याचे दिवस वायां गेले असें मानूं नये. पुढचा सगळा हंगाम त्यांवर उभा असतो.

खणतांना हरळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गांठी वेंचून काढाव्या आणि दर चौरस मीटरला एक-दोन घमेलीं पुरतें कुजलेलें शेणखत मिसळावें. चुलीची राख मात्र मातींत ओतूं नये. ह्या जमिनींत चुनखडी आधींच भरपूर असते आणि राखेनें ती बाजू अधिकच जड होते. पानें पिवळीं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसूं लागल्या, तर बहुधा लोह मातींत असूनहि चुनखडीमुळें झाडाला मिळत नाहीं असा अर्थ असतो. त्यावर शेणखत आणि पालापाचोळ्याचें खत वाढविणें हा घरगुती व टिकाऊ उपाय.

हें खत घरींच होऊं शकतें. इंदूर येथील वनस्पति-संशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली व तिचें पुस्तक इ. स. १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. ती पुढें इंदूर पद्धत ह्या नांवानें जगभर गेली. तिचें तत्त्व असें कीं वाळका पाला, हिरवा कचरा आणि शेण ह्यांचे थर एकावर एक द्यावे, त्यांत ओलावा राखावा आणि ठराविक काळानें ते उलथेपालथे करावे, म्हणजे आंत हवा खेळून तीन महिन्यांच्या सुमारास खत तयार होतें. कोरड्या दिवसांत हें काम खड्ड्यांत करावें म्हणजे ओलावा टिकतो. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांचतें, म्हणून तेव्हां जमिनीवर ढीग करावा.

वाफ्यांचा आकारहि ऋतूप्रमाणें बदलावा लागतो. विलायती पुस्तकांत उंच गादीवाफ्यांची चित्रें असतात, कारण तेथें पाणी निचरून जावयास हवें. वैरागच्या उन्हाळ्यांत पाणी धरून ठेवावयाचें आहे. म्हणून वाफे सपाट किंवा भोंवतालच्या जमिनीहून दोन-तीन बोटें खोल असावे. पावसाळा लागला कीं हीच जमीन चिखल धरते आणि मुळें गुदमरतात. तेव्हां सरी-वरंबे करून रोपें वरंब्याच्या बगलेला घ्यावीं. जागा निवडतांना सकाळचें ऊन मिळेल आणि दुपारीं तीननंतर पश्चिमेकडून भिंतीची किंवा शेवग्याची सांवली पडेल अशी निवडावी. ती नसेल तर तुराट्यांचा ताटवा बांधून आडोसा करावा. तूर काढल्यावर ह्या भागांत तुराट्यांना तोटा नसतो.

मातीचें उघडें अंग झांकलें तर पाण्याची मोठी बचत होते. त्यासाठीं कडबा वापरूं नये, तो गुरांच्या तोंडचा घांस आहे. भुईमुगाचीं टरफलें, तुरीचा पाला, उसाचें पाचट किंवा झाडाखालचा वाळका पाचोळा चार बोटें जाड पसरावा. वेलांसाठीं आणखी एक युक्ति आहे. न भाजलेलें नव्हे, तर नीट भाजलेलें परंतु आंतबाहेर कसलाहि लेप नसलेलें साधें मडकें गळ्यापर्यंत जमिनींत पुरावें, पाण्यानें भरावें, वर झांकण ठेवावें आणि भोंवतीं तीन-चार बिया टोकाव्या. माती जितकी कोरडी तितकें पाणी मडक्यांतून अधिक पाझरतें, आणि ओल असली कीं पाझर मंदावतो. ही रीत दोन हजार वर्षांपूर्वींच्या चिनी शेतीग्रंथांतहि आढळते. मडक्यांत मात्र स्वच्छ पाणीच घालावें. साबणाच्या पाण्यानें त्याचीं सूक्ष्म छिद्रें बुजतात.

लावणीचें वेळापत्रक चैत्राची वाट न पाहतां आंखावें. माघांत वाफे तयार करून महाशिवरात्रीच्या मागेंपुढें भेंडी, गवार, चवळी आणि काकडी पेरावी. भेंडीचें बीं रात्रभर भिजत घालून ओळींत एक फूट आणि दोन झाडांत अर्धा फूट अंतर ठेवावें. गवार आणि चवळी ह्यांचीं मुळें खोल जातात, म्हणून पाण्याचा भरवसा कमी असेल तेथें भेंडीपेक्षां ह्यांना अधिक जागा द्यावी. हीं पिकें दीड-दोन महिन्यांत हातीं लागूं लागतात, म्हणजे वैशाखाचा कहर येण्यापूर्वीं बरीचशी भाजी घरांत आलेली असते. माठ आणि तांदुळजा महिन्याभरांत तयार होतात. त्यांची पेरणी पंधरा दिवसांच्या अंतरानें थोडी थोडी करावी. टोमॅटोचा हट्ट उन्हाळ्यांत धरूं नये. दिवसाची उष्णता पस्तीस अंशांपलीकडे गेली कीं त्याचीं फुलें गळूं लागतात, आणि सोलापुराकडे मे महिन्यांत पारा चाळीस अंश सहज ओलांडतो. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं अक्षय्य तृतीयेला आळीं करून वेलांचें बीं टोकण्याची चाल आहे. ती पाळावयाची असेल तर एकदोन आळ्यांवर, मडक्याच्या आधारानें, पाळावी. त्याच सुमारास सांवलींत चौरस मीटरभर जागेंत वांगीं-मिरचीचीं रोपें तयार करण्यास टाकावीं. त्यांना पाणी थोडें लागतें आणि पावसाळ्याच्या तोंडीं तीं लावणीस येतात.

आतां कोणी विचारील कीं गुंठ्याचा दहावा भागच लावावयाचा तर बाकीच्या जागेचें काय करावें? ती उन्हाला द्यावी. फाल्गुन-चैत्रांत ती मोठमोठ्या ढेकळांनीं उलथून तशीच उघडी ठेवावी. तणांच्या काशा वर येऊन वाळतात, मातींत दडलेले किडींचे कोष उन्हानें व पांखरांच्या चोंचींनीं नाहींसे होतात, आणि ढेकळांमधल्या फटींतून पहिला वळीव वाहून न जातां आंत मुरतो. जीं ढेकळें कुदळीला दाद देत नाहींत तीं पहिल्या दोन सरींत आपोआप विरघळून भुसभुशीत होतात. मृगानंतर तीच जागा आयत्या ओलीवर लावणीस तयार असते.

हीच शिकवण मोठ्या प्रमाणावर कोरडवाहू शेतीच्या संशोधनांतूनहि निघाली. सोलापूर येथें इ. स. १९३३ मध्यें कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र सुरू झालें, आणि ह्या विषयावर पुष्कळ वर्षें काम केलेल्या ना. वि. कानिटकर ह्यांचा भारतांतील कोरडवाहू शेतीवरचा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९४४ मध्यें प्रसिद्ध झाला. पडलेलें पाणी जागच्या जागीं मुरविणें, बांध घालणें, खोल मशागत करणें, बियाणें थोडें व अंतरावर पेरणें आणि पिकांत वरचेवर कोळपणी करून ओल राखणें, हीं त्या पद्धतीचीं मुख्य अंगें. शेकडों एकरांना लागू पडलेला हा नियम परसांतल्या चार वाफ्यांनाहि तितकाच लागू आहे.

वैराग येथें नवी बाग मांडणाऱ्या कुटुंबानें म्हणूनच कुदळ उचलण्यापूर्वीं चार दिवस मोरीचें पाणी बादल्यांनीं मोजावें. जो आंकडा येईल त्याला आठांनीं भागावें. भागाकार येईल तितके चौरस मीटर ह्या उन्हाळ्यांत लावावे, आणि उरलेली जमीन मृगासाठीं राखावी. अशा बागेंतून पहिल्या वर्षीं भाजीची टोपली लहानच निघेल. परंतु वैशाखांत ती हिरवी असेल, शेजारच्या कोणाच्या घागरींतलें पाणी तिनें घेतलेलें नसेल, आणि पाऊस येईल तेव्हां त्याला मुरावयास जागा तयार असेल.